या गुरुवारी तू जाच

या गुरुवारपासून थेरपीला जाणार नाही म्हणालीस. कारण काय, तर मॅडमनी सेशनच्या तासभर आधी वेळ बदलल्याचा मेसेज केला. तू उत्तर पाठवलंस 'काही हरकत नाही', आणि पुढे एक हसरा चेहरा. मग रात्री उशिरा मला फोन. "ताई, त्यांना माझा कंटाळा आलाय गं. त्यांनी सांगायच्या आत मीच बंद करते." अगं बयो, हरकत नव्हती तर आवाज का कापत होता?

थट्टा करतेय, रागावू नकोस. तसले हसरे चेहरे मीही पुष्कळ पाठवलेत, आणि तशाच एका खुर्चीत बसूनही आलेय, तुला ठाऊक आहे. म्हणून फोनवर जे धड बोलता आलं नाही ते लिहून काढते. माझं म्हणणं एवढंच की या गुरुवारी तू जाच, आणि गेल्या गेल्या पहिलं त्या मेसेजबद्दल बोल. थेरपीत ज्या दिवशी पळून जावंसं वाटतं ना, तोच दिवस कामाचा असतो.

एका साध्या मेसेजने तू एवढी का हललीस, त्याचं मूळ मला आपल्या घरातल्या जुन्या दिवसांत दिसतं. ते दिवस तुला किती आठवतात कोण जाणे. मला आठवतात, मी तेव्हा पाचवीत होते. आत्याची, म्हणजे तुझ्या आईची, शाळा पाटणच्या वर डोंगरात, दोन शिक्षकांची, एसटीतून उतरलं की पुढची वाट पायी. काका नोकरीला मुंबईत. म्हणून तिसऱ्या वर्षी तू कराडला आमच्याकडे आलीस. शनिवारची सकाळची शाळा उरकून आत्या दिवेलागणीपर्यंत पोचायची, रविवारभर तू तिला चिकटलेली, आणि सोमवारी पहाटे पहिल्या गाडीने ती परत. घरातल्या सगळ्या मोठ्यांचं एकमत होतं की पोर झोपेत असतानाच निघावं, जागी झाली तर आकांत करेल. तुझ्या मुठीतून पदर सोडवून घेताना आत्याला किती वेळ लागायचा, ते मी अंथरुणातून पाहिलंय. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. अजूनही घरोघर हेच चालतं. पाळणाघराच्या दारात 'ते बघ माकड' म्हणायचं आणि पोराची मान वळली की पसार व्हायचं.

सुरुवातीचे सोमवार तू घर डोक्यावर घेतलंस. मग नुसती उंबऱ्याशी बसून राहायला लागलीस. मग तेही थांबलं आणि सगळे म्हणाले, किती शहाणं पोर, आई गेली तरी हूं नाही की चूं नाही. शनिवारी आत्या दारात आली की तू आधी आजीच्या मागे लपायचीस. आत्या हिरमुसली की आजी म्हणायची, "विसरलीय गं, येईल जवळ."

या पायऱ्या कुणीतरी कागदावर मांडून ठेवल्यात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जेम्स रॉबर्टसन त्यांचं नाव. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करायचे. त्या काळी तिकडच्या इस्पितळांत मुलांना भेटायला आईबापांना फार मोजका वेळ मिळे, आणि रडणारं पोर गप्प झालं की परिचारिका म्हणत, रुळलं आता. रॉबर्टसननी १९५२ साली एक फिल्म काढली. त्यात लॉरा नावाची दोन वर्षं पाच महिन्यांची मुलगी एका छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस इस्पितळात आहे. ती फारसा आरडाओरडा करत नाही, रडू दाबत राहते, आणि ते दाबणंच बघवत नाही. आधी आक्रोश, मग निराशा, मग अलिप्तपणा, असा रॉबर्टसननी मांडलेला क्रम आहे. ज्याला आपलं घर शहाणपण म्हणत होतं, ती तिसरी पायरी होती. फिल्म पाहून डॉक्टर मंडळी आधी भडकली. पण १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईबापांना मुलांजवळ येऊ द्या, असं स्पष्ट सुचवलं. (आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आई लेकराच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपते. काही बाबतींत आपण न शिकताच शहाणे आहोत.)

रॉबर्टसन ज्यांच्याबरोबर काम करत ते जॉन बोल्बी. अटॅचमेंट अटॅचमेंट म्हणून तू रीलमध्ये जे ऐकतेस, त्याचं मूळ त्यांच्यापाशी आहे. त्यांचं स्वतःचं लहानपण ऐक. १९०७ चा जन्म, लंडनचं बडं घर, वडील नामांकित सर्जन. आई मुलांना भेटायची ती संध्याकाळच्या चहानंतर तासभर. बाकी दिवस दाया सांभाळायच्या, आणि त्यातली त्यांची लाडकी दाई ते चार वर्षांचे असताना काम सोडून गेली. पुढे मोठेपणी त्यांनी लिहिलं की ज्या पोराला दाईनेच वाढवलंय, त्याच्यासाठी तिचं जाणं हे जवळजवळ आई जाण्याएवढंच आहे.

हे वाचलं तेव्हा मला तू आठवलीस, आणि पहाटेची एसटी नाही आठवली. तू पहिलीत जायच्या वेळी आत्याला खालच्या गावात बदली मिळाली आणि ती तुला न्यायला आली, तो दिवस आठवला. घरात पेढे. सगळे खूश, लेक आईपाशी निघाली म्हणून. तीन वर्षं तू आजीच्या कुशीत झोपलीस, तिच्या हातचा भात खाल्लास, तिच्या बटव्यातल्या सुपाऱ्या मोजल्यास. त्या आजीपासून तुला तोडलं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट तू गप्प होतीस म्हणून पुन्हा शाबासकी. मॅडमना तू सोमवारच्या पहाटा सांगितल्यास म्हणतेस. आजीचं सांगितलंस का? मला वाटतं नसशील. कारण ते दुःख म्हणून आपल्या घराच्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

एक मात्र सांगते. हे ऐकून 'माझ्यावर कुणी प्रेमच केलं नाही' अशी रड लावू नकोस. लेकराचा जीव एकट्या आईलाच लागतो असं नाही. आजी, मामी, मोठी बहीण, असे चार जण त्याला पुरे पडू शकतात, आणि तुला ते होते. दुखलं ते प्रेम कमी पडल्यामुळे कमी, आणि माणसं न सांगता उठून गेल्यामुळे जास्त. म्हणूनच मॅडमचा 'आज पाचऐवजी सातला चालेल का' हा साधा मेसेज तुला सोमवारच्या पहाटेसारखा लागला. आणि हो, ते रील बघून स्वतःच्या कपाळावर 'अँक्शस' की 'अव्हॉयडंट' असले शिक्के मारणं थांबव. मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण करून ते प्रकार मांडले. तेच बाळ आईजवळ एका तऱ्हेचं आणि बापाजवळ दुसऱ्या तऱ्हेचं असू शकतं. तो नात्याचा प्रकार आहे, माणसाची जात नव्हे.

आता तुझा खरा प्रश्न. "दर आठवड्याला पैसे देऊन रडून येते, यातून काय होणार?"

आपल्या घरात कुणी रडत आलं की काय होतं ते आठव. आजी म्हणायची, होतं गं असं बायकांच्या जातीला. माझी आई ताटली पुढे सरकवते. मी लगेच सल्ला देते, आत्ताही देतेच आहे. सगळ्यांचा जीव तुटतो, पण रडणारीला नेमकं काय झालंय याची चौकशी कुणी करत नाही, कारण रडू लवकर थांबावं एवढीच सगळ्यांना घाई. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये एका लेखात मांडलं की माणूस बदलायला समोरच्यात काही गोष्टी असाव्या लागतात. त्याने तुमच्या जागी उभं राहून तुमचं जग जाणावं, अटी न घालता तुम्हाला स्वीकारावं, आणि आत एक बाहेर एक असं वागू नये. लोकांनी याची टिंगलही केली, की थेरपिस्ट म्हणजे पोपट, आपण बोलायचं आणि त्याने तेच परत म्हणायचं. पोपटपंची करणारे असतात, नाही असं नाही. पण कसलेली बाई 'तुला राग आला' एवढ्यावर थांबत नाही. ती म्हणते, 'राग आला, आणि आला तशी लगेच भीती वाटली, की आता ही पण जाईल.' मला असं पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मोकळं वगैरे काही वाटलं नाही. उघडं पडल्यासारखं वाटलं. हुश्श व्हायला बराच काळ जावा लागला. तुला अजून नुसतं रडूच येत असेल तर ते उलटं चाललंय असं समजू नकोस.

तिथे गेलं की जुन्याच गोष्टी उगाळायच्या का, असंही तू विचारलंस. उगाळणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं. मेरी मेन या बर्कलीच्या संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांसाठी एक मुलाखत तयार केली. तीत विचारतात, लहानपणच्या आईशी असलेल्या नात्याला पाच विशेषणं द्या. मग एकेक विशेषण उचलून म्हणतात, याचा एखादा प्रसंग सांगा. आपल्याकडे तर विशेषणं तोंडावरच असतात. प्रेमळ, कष्टाळू, त्यागी, आई म्हणजे देवमाणूस. आणि प्रसंग विचारला की माणूस छताकडे बघतो. काहींचं उलट. विषय निघायचा अवकाश, वीस वर्षांपूर्वीचं भांडण आत्ता या खोलीत चालू असल्यासारखे सुटतात. आणि काही जण असे असतात की ज्यांचं लहानपण खरोखर खडतर गेलंय, पण सांगताना ते भरकटत नाहीत, झाकत नाहीत, आईचं बरं-वाईट दोन्ही एका दमात सांगू शकतात. मेन यांना असं दिसलं की बाळाचं आईशी नातं कसं जमेल, याचा अंदाज आईचं बालपण कसं गेलं यापेक्षा ती ते कसं सांगते यावरून जास्त बांधता येतो. खडतर बालपण असूनही असं सांगू शकणाऱ्यांची सुरक्षितता कमावलेली आहे, असं या क्षेत्रातली मंडळी म्हणतात. काहींना ती चांगल्या जोडीदारापाशी सापडते, काहींना शिक्षकापाशी, काहींना थेरपीत.

विशेषणं आणि प्रसंगांचं हे तूही करून बघ. पण रात्री बाराला एकटीने नको. मॅडमसमोर कर.

आता त्या मेसेजकडे येते. त्याआधी मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग ऐक. आई बाळाशी हसतखेळत असते, आणि मग सांगितल्याप्रमाणे थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार करून बसते. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, किंचाळतं, शेवटी मान फिरवतं. त्याचे व्हिडिओ आहेत, बघवत नाहीत. आपल्याला मात्र प्रयोगाची गरज नाही, आपल्याकडे अबोला आहे. मी आईचे तीन-तीन दिवसांचे अबोले सोसलेत. पण ट्रॉनिक यांचीच दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. नेहमीच्या, प्रेमळ, सगळं ठीक असलेल्या आई-बाळाचेही सूर एकूण वेळेपैकी जेमतेम तीस टक्के वेळ जुळलेले असतात. बाकी वेळ चुकतं, आणि मग पुन्हा जुळवून घेतलं जातं. तेवढ्यावर मूल धडधाकट वाढतं. म्हणजे चुकणं हे रोजचंच. चुकल्यावर पुढे काय होतं, तिथे सगळं ठरतं.

आपल्या घरात पुढे काय होतं? अबोला सुटतो तो चहाच्या कपाने. आई येऊन म्हणते, "चल, चहा घे." बस, मिटलं. ती माफीच असते, आणि मी तिला खोटी म्हणणार नाही. आजवर आपण सगळ्या त्या चहावरच तरलो. पण त्यात बोलणं नसतं. काय झालं होतं, कुणाला काय लागलं, पुन्हा होईल का, हे कळतच नाही. म्हणून पुढच्या वेळी चहा येईपर्यंत पोटात तोच गोळा.

थेरपीत नेमकं हे तोंडाने बोलायची सोय असते. न्यूयॉर्कमधले जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरान यांनी थेरपिस्टशी असलेलं नातं कुठे तडकतं आणि कसं सांधलं जातं, याचाच वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते तडा दोन तऱ्हांनी दिसतो. एक, माणूस तोंडावर भांडतो. दुसरी, तो गुपचूप मागे सरकतो, गोड बोलतो, 'काही हरकत नाही' म्हणतो. दुसरी तऱ्हा कसलेल्या थेरपिस्टच्याही नजरेतून सुटते, कारण वरून सगळं छान दिसतं. तुझ्या मॅडमना आत्ता वाटत असेल, किती समजूतदार मुलगी. आत्यालाही असंच वाटायचं. म्हणून सांगावं तुलाच लागणार.

काय बोलायचं? फार सजवू नकोस. "तुम्ही वेळ बदललीत, मी हरकत नाही म्हटलं, पण मला वाटलं तुम्हाला मी नकोशी झालेय, आणि मी यायचं बंद करणार होते." एवढंच. मग त्या काय करतात ते बघ. चांगली थेरपिस्ट सफाई देत बसणार नाही, आणि 'तुला असं वाटायचं कारण नव्हतं' असंही म्हणणार नाही. ती त्या क्षणापाशी थांबेल, तिच्याकडून जे झालं ते मान्य करेल, मग तुझ्याबरोबर मागे वळून बघेल की हे कुठून आलं. आणि पुढच्या गुरुवारी ती त्याच खोलीत असेल. ज्याच्यावर रागावलीस ते माणूस तू रागावल्यावरही जागेवर राहिलं, हे तुझ्या अंगाला कळायला हवंय. ते पुस्तक वाचून कळत नाही, माझं पत्र वाचूनही कळणार नाही.

'डिअर जिंदगी' सिनेमा आपण दोघींनी बघितला होता. गौरी शिंदेंच्या त्या गोव्यातल्या गोष्टीत नायिका कायराला लहानपणी आजी-आजोबांकडे ठेवलेलं असतं, आणि मोठेपणी कुणी सोडून जायच्या आत ती स्वतःच सोडून मोकळी होते. तू हसली होतीस, 'ही तर मीच.' समुद्रकाठी सोबत फिरणारा थेरपिस्ट शाहरुख मात्र विसर. खरी थेरपी ट्यूबलाइटच्या उजेडात, पंख्याच्या आवाजात, ठरल्या वेळेपुरती चालते, आणि तशी चालते म्हणूनच भरवशाची असते.

सगळ्याच थेरपिस्टपाशी टिकून राहा असं मी म्हणत नाही हं. तुझी गोष्ट घरच्यांच्या कानावर घालणारी, 'लग्न कर, सगळं सुरळीत होईल' म्हणणारी, स्वतःचीच रडगाणी ऐकवणारी, सेशनबाहेर मैत्री किंवा व्यवहार करू बघणारी, आणि अर्थात अंगचटीला येणारा, अशा ठिकाणाहून खुशाल उठून ये, तिथे सांधासांध करत बसू नकोस. शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसती 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावतं. आणि झोप-जेवण पार उडालं, जगूच नये असं मनात आलं, तर गुरुवारची वाट बघायची नाही. सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, मला उठवायचं, नाहीतर १४४१६ लावायचा. तो टेलि-मानसचा नंबर आहे, २०२२ पासून चालू, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं.

राहता राहिली आत्या. तुला धास्ती आहे की तिथे जाऊन आईबापाला नावं ठेवावी लागतात. लागत नाहीत. पण राग येईल, हे गृहीत धर. शनिवारची शाळा आटोपून धापा टाकत कराडला पोचणारी आत्या आणि न सांगता पदर सोडवून घेणारी आत्या, दोन्ही एकच बाई आहे. दोघींना एकत्र धरायला वेळ लागतो. तोवर ताजा राग घेऊन दिवाळीत तिच्यासमोर उभी राहू नकोस. आणि मॅडमच्या तोंडचे शब्द तिच्यावर फेकू नकोस, 'तुझ्यामुळे मला अटॅचमेंटचा प्रॉब्लेम झाला' वगैरे. तिला त्यातलं फक्त 'तुझ्यामुळे' ऐकू येईल. कधीतरी विचारावंसं वाटलंच तर एवढंच विचार, "सोमवारी एसटीत बसल्यावर तू काय करायचीस?" मला त्याचं उत्तर थोडंफार माहीत आहे, पण ते तिच्याच तोंडून ऐक.

आणि कधीतरी थेरपी संपेल. तीही अचानक संपवायची नसते. आधी ठरवून, काही सेशन हातात ठेवून, निरोपाबद्दलच बोलत बोलत संपवतात. जाणारं माणूस आधी सांगून, तुझ्या डोळ्यांदेखत निघालंय, हे तुझ्या वाट्याला फारसं आलेलं नाही. म्हणून मधेच मेसेज टाकून गायब व्हायचा विचार आला तर तेवढं आठव.

फीचं जड जात असेल तर तेही त्यांनाच विचार. बरेच जण मिळकत बघून कमी करतात, पण आपण बोलावं लागतं. नाहीच जमलं तर उरलेले मी घालते, त्यात भिडेचं काही नाही. आत्याला यातलं काही सांगत नाही. तिचा फोन आला आणि तिने विचारलंच की पोरगी गुरुवारी संध्याकाळी कुठे जाते, तर म्हणेन, तिलाच विचार.